खंडेनवमीचं वंगण

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. उद्यावर टाकलं तर मला शहाणपण सुचेल, चार गोष्टी मी गाळीन, घरातल्यांची बाजू घेईन, आणि मग सांगण्यासारखं काही उरणारच नाही. साताऱ्यात टायपिंगच्या क्लासला बसलेय. सरांनी दिलेला उतारा मशीनशेजारी तसाच पडलाय आणि सर समजतायत, पोरगी स्पीडचा सराव करतेय. समजू देत.

आमच्याकडं जीप आहे. लढाईच्या वेळची, मिलिटरीनं लिलावात काढलेली. तात्या, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन आले आणि दोन वर्षांत ती घेऊन आले. कोरेगावपासून चार मैलांवर आमचं गाव. बैलगाड्या सोडल्या तर गावात चाकाचं दुसरं काही नव्हतं, त्यामुळं जीप आली त्या दिवशी बायका भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला आल्या आणि एका म्हातारीनं जीपला दोन फेऱ्या मारून विचारलं, "हिचं त्वांड कुठल्या अंगाला रं?"

पण जीप हौसेची नव्हती. आठवड्यातून तीनदा तात्या तिच्यातनं कोयनानगरच्या कॉलनीत भाजी पोचवायचे. घाटाचा रस्ता, पावसात नुसता राडा. मागच्या दोन चाकांवर गाडी चढायची नाही, तिथं पुढचा गिअर टाकायचा, मग पुढची चाकंही ओढायला लागतात. आता बघा हां, पुढची चाकं वळायलाही पाहिजेत, आणि वळता वळता इंजिनचा जोरही त्यांच्यापर्यंत पोचायला पाहिजे. सरळ दांडा असून भागत नाही. म्हणून प्रत्येक चाकापाशी एक सांधा असतो. पोलादाची वाटी, वाटीत खोबण्या, खोबण्यांत सहा छर्रे, आणि छर्रे पळू नयेत म्हणून एक पिंजरा. मामा त्याला सी.व्ही. जॉइंट म्हणायचे. आम्ही म्हणायचो छर्ऱ्यांचा सांधा. हातात घेऊन फिरवून बघा एकदा. वाकडा केला तरी फिरतो, आणखी वाकडा केला तरी फिरतो. मी तर जेवण विसरून फिरवत बसले होते.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, एकुलता. आजी लवकर गेली, आईनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. मिलिटरीच्या वर्कशॉपात सात वर्षं फिटर होते, मग सांगलीत मिरज रोडला पत्र्याची शेड टाकून त्यांनी गॅरेज काढलं. मला ते 'रेडिओ' म्हणायचे. घरात पाय टाकल्या टाकल्या आईला विचारायचे, "आक्का, ह्या रेडिओचं बटन कुठं हाय गं? सांगली स्टँडवर ऐकू यायला लागलाय."

आषाढात डाव्या चाकाचा सांधा वाजायला लागला. सरळ रस्त्यावर काही नाही, वळण आलं की कट्, कट्, कट्. तात्यांनी निरोप धाडला आणि मामा एसटीनं आले, पिशवीत ग्रीसचा डबा आणि नवा सांधा घेऊन. मेणकागदात गुंडाळलेला, पिवळ्या ग्रीसमध्ये बुडवलेला. मामा म्हणाले, मिलिटरीच्या मालातला आहे, एक मैलसुद्धा चाललेला नाही. दोन दिवस राहिले आणि त्या दोन दिवसांत मला हाताखाली घेतलं, कारण पिंजऱ्यात छर्रा बसवायला बारीक बोटं लागतात.

"पिंजरा कलंडव," मामा सांगायचे. "आणखी. पिंजरा कलंडव म्हंतोय पोरी, तू का कलंडतीस?"

सहावा छर्रा टक्कन बसला तेव्हा मी अशी ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मग त्यांनी सांध्याभोवतीच्या गोल टोपणाला बाजूनं असलेलं बूच दाखवलं. महिन्यातनं एकदा हे काढायचं. पण वरनं नुसतं ग्रीस ढकलायचं नाही, आधी आतलं बोटावर घ्यायचं, कानाजवळ चोळायचं, मग नाकाला लावायचं. "गाडी बोलायच्या आधी ग्रीस बोलतं. कचकच लागली, का वास बदलला, का उघडायचं. आन दुसरं कसलंबी ग्रीस चालनार न्हाई, ह्याच डब्यातलं."

तात्या कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "पलटणीत आमी दर शुक्रवारी गाड्या पुसायचो."

"व्हय की दाजी," मामा हसत म्हणाले. "तुमी पुसायचा. उघडायचो आमी."

सगळे हसले. तात्यापण हसले, पण जरा उशिरा. ते मला आत्ता आठवतंय, तेव्हा दिसलंच नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळं पुजतात. नांगर, कुऱ्हाड, विळे, बैलगाडी, तात्यांचा पलटणीतला पट्टा. जीपला झेंडूची माळ घातली होती आणि मी पाटावरचं उचलायला बाहेर आले तर पुढच्या चाकाच्या आत त्या बुचालासुद्धा हळदीकुंकू!

"तात्या, बुचालापण?"

"मग? तितंच तर सगळं हाय म्हंतीस की तू."

मला इतका आनंद झाला! मला वाटलं, तात्यांना पटलं शेवटी.

त्यानंतर दहाएक दिवस गेले. परतीचा पाऊस सुरू होता. आईला कॉलनीतल्या मावसबहिणीकडं जायचं होतं म्हणून ती पुढं बसली, मी मागं वांग्यांच्या पाट्या धरून. घाटात पुढचा गिअर टाकला आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर, कट्.

"आवाज कसला गं?" तात्या.

"डावीकडचा! तात्या, थांबवा, डावीकडचा हाय!"

"नवा हाय की त्यो!"

पुढच्या वळणावर कडाड् झालं, वळलेलं चाक तसंच अडकून बसलं, आणि जीप डोंगराच्या बाजूला जाऊन मातीत घुसली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी सांगत नाही, कोयनेच्या रस्त्यानं गेलेल्यांना ठाऊक आहे. आईचं कपाळ समोरच्या दांडीवर आपटलं. लिंबाएवढं टेंगूळ. ती एकच वाक्य बोलली, "वांगी सांडली का गं?"

तात्यांनी मला चाकाला लावायला दगड आणायला पिटाळलं. मी दगड घेऊन येईपर्यंत त्यांनी चाक खोलून आतला दांडा बाहेर काढला होता. पोत्यावर ठेवला होता, आणि हात स्वच्छ पुसून उभे होते. पिंजरा तुटलेला, दोन छर्रे तडकलेले, आणि सगळ्यावर काळाकुट्ट लगदा.

"ह्यात ग्रीस कुणी भरलं व्हतं गं?" तात्यांनी विचारलं.

"मामांनी."

"आन छर्रे?"

"मामांनीच आणले. नवे म्हणून."

"हं."

तेवढंच. हं. बाकीचं सगळं मी बोलले. नवे म्हणून जुने घातले, ग्रीस कसलं काळं झालंय बघा, सख्ख्या बहिणीच्या गाडीत जुना माल घातला, आई आज खाली गेली असती. तात्या एका शब्दानं हो म्हणाले नाहीत. नाहीपण म्हणाले नाहीत. दांडा काढल्यावर जीप मागच्या चाकांवर चालते, तशी हळूहळू आम्ही ती घरी आणली, आणि कोरेगाव येईपर्यंत माझं तोंड बंद झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी आणि तात्या एसटीनं सांगलीला. मोडका सांधा गोणपाटात गुंडाळून माझ्या मांडीवर. गॅरेजात मामांच्या हाताखालची दोन पोरं कामाला होती, ट्रॅक्टर घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक बाकड्यावर चहा पीत होतं. मामा हात पुसत पुढं आले. "या दाजी! आलं का आमचं रेडिओ स्टेशन? आक्का बरी हाय न्हवं?"

मी गोणपाट सोडून सांधा बाकड्यावर आपटला.

"आई बरी हाय. नशीब म्हणून बरी हाय. तुमी जुने छर्रे घातले मामा. नवा म्हणून जुना सांधा घातला. सख्ख्या भणीला फसवलं तुमी!"

ट्रॅक्टरवाल्याचा चहा तसाच हातात राहिला. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी चांगला डोळे फाडून बघितला. त्यांनी वाटीतला काळा लगदा बोटावर घेतला. कानाजवळ चोळला. नाकाला लावला. मग मान वर करून तात्यांकडं बघितलं.

तात्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"चूक माझीच झाली दाजी," मामा म्हणाले. "मालच खराब निघाला. दुसरा देतो."

बघा! कबूल केलं! मला तर जग जिंकल्यासारखं वाटलं. मामांनी फळीवरनं मेणकागदातला दुसरा सांधा काढला, माझ्या हातात न देता तात्यांच्या हातात दिला. चहा विचारला, तात्या गाडीची वेळ झाली म्हणाले. आणि स्टँडवर तात्यांनी मला भडंगाचा पुडा घेऊन दिला. कधी नाही ते. मी अख्खा खाल्ला.

भाऊबीजेला मामा आले नाहीत.

मला कळतंय तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं. आई सकाळपासून ताट मांडून बसली होती. निरांजनातलं तेल दोनदा घातलं. दर गाडीला म्हणायची, "ह्या गाडीला यील." सांजची गाडीही गेली, चंद्राची कोर दिसली तशी उठली, अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. जित्या भावाची बहीण चंद्राला ओवाळताना मी पहिल्यांदा बघितली. मी तेव्हापण म्हणलं, "तोंड दाखवायला लाज वाटली असंल." आई ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीहून परत आणलेला मोडका सांधा धुवायला काढला. तो फेकायचा होता, पण त्यातले चार छर्रे अजून चांगले होते आणि मला ते हवे होते, खेळायला म्हणा. रॉकेलमध्ये टाकायच्या आधी, नुसती सवय म्हणून, मी तो लगदा बोटावर घेतला. चोळला. नाकाला लावला.

बैलगाडी.

अहो, तो ग्रीसचा वासच नव्हता. एरंडेल आणि जाळलेला पेंढा, बैलगाडीच्या आसाला घालतात त्या वंगणाचा वास, जन्मापासून ओळखीचा. मी पळत गोठ्यात गेले. गाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असतं, त्यात बोट घातलं, तोच वास, तीच कचकच. तरी मनाला पटेना. मग उजवं चाक आठवलं! उजवीकडचं तर घाटानंतर कुणी उघडलंच नव्हतं. जीपखाली उताणी शिरले, बूच काढलं. बुचावर खंडेनवमीचं कुंकू अजून चिकटलेलं. आत बोट घातलं तर वर काळं वंगण, आणि त्याच्या खाली, जसंच्या तसं, मामांनी आषाढात ह्याही चाकात भरलेलं पिवळं ग्रीस.

मी तिथंच पडून राहिले. घाट आठवला. दगड आणायला मला पाठवलेलं आठवलं. पुसलेले हात आठवले. 'ह्यात ग्रीस कुणी भरलं व्हतं गं?'

तात्या बैलांना उसाचं वाढं टाकत होते.

"तात्या, जीपमधी वंगण कुणी घातलं?"

त्यांनी वर बघितलं नाही. "सणाचं सगळ्यास्नी घातलं. तिला एकलीलाच कसं वगळायचं? तुझा त्यो डबा कुठं ठेवलाईस सापडंना."

"मग घाटात का बोलला नाही?"

"आदी कळलंच न्हाई."

"दांडा काढल्यावर कळलं का नाही?"

त्यांनी वाढ्याची दुसरी पेंडी सोडली.

"सांगलीत का बोलला नाही? मी मामांना एवढं बोलत होते, तुमी तिथं उभं होता!"

"तूच बोलत व्हतीस की," तात्या म्हणाले. "तुला थांबवायचं कुणी?"

मग वाढं तोडता तोडता, "येवढ्या माणसांत काय सांगायचं मेव्हण्याला? हवालदारानं मोटारीला बैलगाडीचं वंगण घातलं म्हणून? जल्मभर हासला असता त्यो."

आई दारात येऊन उभी होती. मला वाटलं, आता आईला धक्का बसेल. ती तात्यांना म्हणाली, "कार्ड टाकलं म्हनला व्हता न्हवं तुमी?"

मला काही कळेना. "कसलं कार्ड?"

"सांगलीहनं आला त्या दिशीच मी इचारलं व्हतं ह्यास्नी. नळकांडं घिऊन जीपखाली शिरताना मी बगितलं व्हतं. म्हनले, त्याला कार्ड टाकतो, सगळं लिवतो." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट. "म्हणून मी ताट मांडून बसले."

"आये, तुला ठाऊक होतं? आणि मला नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर चावडीपतूर गेलं असतं बाई."

म्हणजे बघा. तात्यांना ठाऊक. मामांना त्या वासावरनं तिथल्या तिथं ठाऊक. आईला ठाऊक. आणि ज्या तोंडामुळं मला कुणी काही सांगत नव्हतं, तेच तोंड सांगलीत न्यायला बरोबर चाललं.

आईनं ताट फडक्यात बांधलं. निरांजन, सुपारी, कुंकवाचा करंडा. तात्या म्हणाले, "जीपनं सोडतो." नवा सांधा त्यांनी नि मी मिळून बसवला होता, जीप तयार होती.

"नगं," आई म्हणाली. "यष्टी हाय."

उजव्या टोपणातलं वंगण काढून टाकायला तात्यांना सांगून मी आईबरोबर निघाले. मामा गॅरेजात कुणाच्या तरी गाडीखाली होते, नुसते पाय बाहेर. आईनं पाय ओळखले. "ऊठ," म्हणाली. टायरवर फळी टाकून मामांना बसवलं आणि भर दुपारी, काळ्या हातांच्या त्या दोन पोरांसमोर ओवाळलं. एक पोरगं म्हणालं, "उस्ताद, टोपी तरी घाला," तर मामांनी डोक्यावर ग्रीसचं फडकं टाकलं आणि आई रडता रडता हसली. ओवाळणीला मामांच्या खिशात काही नव्हतं, त्यांनी ताटात एक नवा छर्रा टाकला.

मी कोपऱ्यात उभी होते. मला रेडिओ म्हणून कुणी हाक मारली नाही. शेवटी मीच गेले.

"मामा, मी चुकले. पण तुमाला तर वास आला होता. तुमी का नाही बोलला?"

"दाजींचं नाक तुझ्याम्होरं, गिऱ्हाइकाम्होरं कापू? तुझ्या आईला त्याच घरात ऱ्हायाचं हाय." मग हातातला पाना पुसत राहिले. "तू बोललीस त्याचं काय न्हाई पोरी. पर दोन दिस बसवून शिकवलं व्हतं तुला. मला वाटलं, घाटात न्हाई तर यष्टीत, एकदा तरी नाकाला लावून बगितलं असशील."

नव्हतं लावलं. मी बोलत होते.

ह्याला आता पंधरा दिवस झाले. मामांचं जाणं-येणं सुरू होईल, आईला ती काळजी उरली नाही. पण तात्या अजून सांगलीला गेले नाहीत, कार्डही टाकलं नाही, आणि मलाही तोंडानं काही म्हणाले नाहीत. सांधा आता एकदम गप आहे. परवा कोरेगावला जाताना प्रत्येक वळणावर तात्या मला विचारत होते, "आवाज येतोय का गं?" मी "न्हाई" म्हणत होते. एवढंच बोलणं झालं सगळ्या रस्त्यात, आणि मला माहीत आहे, त्यांना ते फार लागलं. लागू दे.

मी जे मामांना बोलले ते माझं मीच बोलले, ते मी कुणावर ढकलत नाही. पण मी खोटं बोलतेय हे माहीत असताना, माझाच माणूस शेजारी उभा राहून कॅलेंडर वाचत होता, हे मला गिळता येत नाही. तुमच्या बाबतीत झालंय का हो असं? तुम्ही जीव तोडून ज्याच्या बाजूनं भांडलात, त्याला सगळं आधीच ठाऊक होतं, असं? आणि मग तुम्ही त्याच्याशी पहिल्यासारखं बोलायला लागलात का? किती दिवसांनी?